नव्या रुग्णाचे नाव यादीत आधीपासून होते का?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

इबोलासारख्या जीवघेण्या विषाणूची साथ कुठेही उद्भवली की वर्तमानपत्रांत रोज दोन आकडे छापून येतात : एकूण बाधित आणि एकूण मृत. हे आकडे खोटे नसतात, पण साथ आटोक्यात येते आहे की हाताबाहेर चालली आहे, हे त्यांवरून कळत नाही. साथनियंत्रणाच्या सकाळच्या बैठकीत पहिला प्रश्न वेगळाच असतो : काल सापडलेल्या नव्या रुग्णांपैकी किती जणांची नावे आपल्या संपर्कयादीत, म्हणजे आधीच्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांच्या यादीत, आधीपासून होती? दहा नवे रुग्ण सापडले आणि दहाही यादीतले निघाले, तर दिवस वाईट असला तरी काम मार्गावर आहे. एकच सापडला आणि तो यादीत नव्हता, तर कुठेतरी लागणीची एक साखळी आपल्या नजरेआड चालू आहे. आपल्या वृत्तपत्राने हा आकडा मागावा आणि छापावा, एवढ्यासाठी हे पत्र. कारणे जरा तपशिलात मांडतो.

इबोलाची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत २ ते २१ दिवस जातात आणि या काळात तो माणूस दुसऱ्याला आजार देत नाही. करोनात लक्षणे दिसण्याआधीच माणूस आजार पसरवत असे, त्यामुळे शोधपथके कायम मागे पडत. इबोलात ती अडचण नाही. पहिले दोन-तीन दिवस नुसता ताप, अंगदुखी, गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच असते आणि अंगात विषाणूही तुलनेने कमी असतो. उलट्या-जुलाब सुरू झाले की तो झपाट्याने वाढतो. मृत्यूच्या वेळी आणि नंतर शरीर सर्वांत धोकादायक असते. गोवरासारखा तो हवेतून पसरत नाही. रक्त, उलटी, शौच अशा स्रावांचा किंवा त्यांनी माखलेल्या कपड्या-अंथरुणांचा स्पर्श व्हावा लागतो. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ च्या साथीत एका रुग्णाकडून सरासरी दीड ते दोन जणांना लागण होत होती. ही सरासरी एकाच्या खाली आणून तिथे टिकवली की साथ ओसरते. तापाच्या पहिल्याच दिवशी माणूस वेगळ्या खोलीत गेला, तर त्याच्यापासून पुढे लागण होण्याची शक्यता फार कमी उरते. पण पहिल्या दिवशी त्याच्यापर्यंत पोचायचे असेल, तर ताप येण्याआधीच त्याचे नाव आपल्याकडे हवे.

नायजेरियाने हे करून दाखवले. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून आलेला एक आजारी प्रवासी लागोसच्या विमानतळावर उतरला. लागोस ही आफ्रिकेतल्या सर्वांत दाट वस्तीच्या महानगरांपैकी एक. तो ज्या खासगी रुग्णालयात दाखल झाला, तिथल्या डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्हो यांनी दबाव आला तरी त्याला घरी सोडले नाही. पुढे त्यांनाही लागण झाली आणि १९ ऑगस्टला त्या गेल्या. देशात पोलिओ निर्मूलनासाठी आपत्कालीन कार्यकेंद्र आधीपासून उभे होते. तीच माणसे आणि तीच शिस्त इबोलाकडे वळवण्यात आली. ८९४ जण यादीत आले आणि सुमारे १८,५०० गृहभेटी झाल्या. ८९४ ला २१ ने गुणा, १८,७७४ येतात. भेटी किती कमी चुकल्या ते यावरून दिसते. एकूण रुग्ण २०, मृत्यू ८, आणि २० ऑक्टोबरला साथ संपल्याची घोषणा. तरीही यादीतला एक जण निसटून पोर्ट हार्कोर्टला गेला, तिथल्या एका डॉक्टरने त्याच्यावर गुपचूप उपचार केले, तो डॉक्टर दगावला आणि त्या एका निसटण्यापायी शेकडो नवी नावे यादीत घालावी लागली.

यादी करणे हे कारकुनी काम समजले जाते. प्रत्यक्षात साथीतले सर्वांत कौशल्याचे काम तेच. 'तुमच्या संपर्कात कोण कोण आले?' असे विचारले की घरातली चार नावे मिळतात. पहिल्या लक्षणापासून आजपर्यंत एकेक दिवस हातात घेऊन विचारावे लागते. त्या रात्री कुठे झोपलात, भरवले कोणी, उलटी कोणी पुसली, कपडे कोणी धुतले, दवाखान्यात कोणत्या वाहनाने गेलात, त्यात आणखी कोण बसले होते, इंजेक्शन कोणी टोचले, तान्हे बाळ अंगावर पीत होते का, गेल्या तीन आठवड्यांत कोणाच्या अंत्यविधीला गेला होतात. हमखास लपवली जाणारी नावे तीन ठिकाणची असतात : परवाना नसलेला वैद्य, लपवलेले नातेसंबंध आणि बंदी असताना उरकलेला अंत्यविधी. म्हणून विचारणारा त्याच भागातला, तीच बोली बोलणारा हवा, सोबत पोलीस नको, आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा जाऊन बसायला हवे. राहिलेली नावे बहुधा दुसऱ्या भेटीतच मिळतात.

पुढे २१ दिवस रोज भेट. मुदत त्या व्यक्तीच्या शेवटच्या संपर्कापासून मोजायची. यादीत नाव चढले त्या दिवसापासून नाही. घरात दुसरे कोणी आजारी पडले, तर त्या घरातल्या सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. वहीत ही तारीख बदलायची राहून गेली, तर ऐन धोक्याच्या दिवसांत माणूस यादीतून 'सुटतो'. भेटीला गेलेला कार्यकर्ता एक-दोन मीटरवर उभा राहतो, हात मिळवत नाही, घरात टेकत नाही, दुरून ताप मोजतो. आणि एक प्रश्न न चुकता विचारतो : सकाळपासून पॅरासिटामॉल घेतली का? गोळी घेतलेल्या माणसाचा ताप तापमापकात दिसत नाही, हे लोकांनाही ठाऊक असते. वहीत 'भेटला, बरा आहे' आणि 'भेटला नाही' असे दोन वेगळे रकाने लागतात. शेजारीण म्हणाली बरा आहे, म्हणून पहिल्या रकान्यात खूण करणे हा या कामातला सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत महागात पडणारा दोष आहे. पहिला आठवडा सगळे दक्ष असतात. दुसऱ्याच्या अखेरीस दोन्ही बाजू कंटाळतात, भेटीऐवजी फोन होऊ लागतात. पर्यवेक्षकाने रोज काही घरांना स्वतः अचानक भेट दिली, तरच वही खरी राहते.

यादीतल्या माणसाने २१ दिवस घराजवळच राहावे असे वाटत असेल, तर त्याचे धान्य, पाणी, सरपण, औषधे आणि बुडालेली मजुरी यांची सोय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. भुकेला माणूस कामाला जाणारच. त्याला दोष देता येत नाही. बळाने कोंडण्याचा प्रयोग लायबेरियाने करून पाहिला. २० ऑगस्ट २०१४ रोजी मोनरोव्हियातील वेस्ट पॉइंट ही दाट वस्ती सुरक्षा दलांनी वेढली. दंगल झाली, गोळीबार झाला, एक किशोरवयीन मुलगा मरण पावला आणि दहाएक दिवसांत वेढा उठवावा लागला. पहाऱ्यातून वाट काढून जाणारा माणूस आपले नाव-गाव कोणालाही सांगत नाही. यादीच्या दृष्टीने तो कायमचा गेला.

दुसरी गळती रुग्णालयांतून होते. १९७६ मध्ये यांबुकू इथे, म्हणजे तेव्हाच्या झाईरमध्ये, इबोला प्रथम ओळखला गेला. तिथल्या मिशन रुग्णालयात दिवसभरासाठी पाच सिरिंज दिल्या जात आणि त्याच एकामागून एक रुग्णांना वापरल्या जात. त्या साथीत ३१८ रुग्णांपैकी २८० दगावले. २०१८ ते २०२० दरम्यान काँगोच्या उत्तर किवू भागातल्या साथीतही छोट्या खासगी दवाखान्यांत बऱ्याच जणांना लागण झाली. ताप म्हणजे मलेरिया असे धरून रुग्णाला इतरांच्या शेजारच्या खाटेवर झोपवले जाई. उपाय फाटकावर आहे : आत पाऊल टाकण्याआधी अंतर राखून ताप मोजायचा, चार प्रश्न विचारायचे आणि संशयिताला वेगळ्या वाटेने वेगळ्या खोलीत न्यायचे. संशयित आणि निश्चित रुग्ण एका दालनात ठेवायचे नाहीत. नाहीतर मलेरियाने आलेला माणूस इबोला घेऊन घरी जातो. लक्षणांच्या पहिल्या ७२ तासांत केलेली पीसीआर चाचणी नकारात्मक आली, तरी ७२ तास उलटल्यावर ती पुन्हा करावी लागते. इतक्या लवकर रक्तात विषाणू सापडेलच असे नसते. घाईने 'नकारात्मक' म्हणून घरी पाठवलेला रुग्ण यादीतूनही बाहेर पडतो, हे त्यातले खरे नुकसान.

क्लोरीनबद्दल बातम्यांत सर्रास गोंधळ असतो, म्हणून प्रमाणे लिहितो. जमीन, खाटा, सांडलेले स्राव आणि मृतदेहाची पिशवी यांसाठी ०.५ टक्के द्रावण लागते. हात धुण्यासाठी ०.०५ टक्के, तेही साबण-पाणी किंवा अल्कोहोलचे द्रावण नसेल तर. ७० टक्के क्लोरीनची पावडर असेल, तर ०.५ टक्क्यांसाठी लिटरभर पाण्यात ७ ग्रॅम. पावडर ३० टक्क्यांची असेल, तर १६-१७ ग्रॅम. ५ टक्क्यांचे द्रवरूप ब्लीच असेल, तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. हातासाठीचे द्रावण याच्या दहापट पातळ. द्रावण रोज ताजे करायचे आणि झाकून सावलीत ठेवायचे, कारण ऊन आणि उष्णता त्याची ताकद खातात. रक्त किंवा उलटीवर नुसते द्रावण ओतून भागत नाही. सेंद्रिय मळ क्लोरीन संपवून टाकतो आणि खालचा विषाणू जिवंत राहू शकतो. आधी द्रावणात भिजवलेल्या फडक्याने झाकायचे, टिपून काढायचे, मग साबणाने धुवायचे आणि पुन्हा द्रावण टाकून किमान दहा मिनिटे तसेच ओले ठेवायचे. माणसांवर फवारणी करू नये. त्याने डोळे आणि फुप्फुसे होरपळतात, संरक्षण होत नाही. रस्त्यांवर धूर सोडणाऱ्या गाड्यांची छायाचित्रे छापायला बरी दिसतात. साथीवर त्यांचा परिणाम नाही.

संरक्षक पोशाखाचेही तसेच. घालताना चूक झाली तर आरसा दाखवतो. जीव जातो तो उतरवताना. उष्ण हवेत त्या पोशाखात तासाभराहून अधिक काळ थांबणे धोक्याचे, कारण थकलेला हात सवयीने कपाळाकडे जातो. उतरवताना समोर एक साथीदार उभा असतो आणि तो एकेक पायरी मोठ्याने सांगतो. एप्रन, मग हात धुणे, टोपी आणि अंगरखा बाहेरची बाजू आत गुंडाळत, बाहेरच्या हातमोज्यांसह, मग हात धुणे, चष्मा डोळे मिटून मागच्या पट्टीला धरून, मग हात, मास्कही मागून, आतले हातमोजे सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीनंतर हात धुण्याचा कंटाळा आला, तर तो साथीदार पुढची पायरी सांगत नाही.

लोक आपणहून उपचार केंद्रात यावेत असे वाटत असेल, तर तिथे जगण्याची आशा खरी असली पाहिजे. या आजारात दिवसाला पाच लिटर किंवा त्याहून अधिक पाणी जुलाबांवाटे जाऊ शकते. नुसत्या जलसंजीवनीवर सोडलेला, उठून पेलाही धरू न शकणारा रुग्ण वाचत नाही. शिरेतून सलाइन, पोटॅशियमची भरपाई, साखरेची तपासणी आणि मलेरियाचा उपचार हे सोबत लागते. काँगोत २०१८-१९ मध्ये झालेल्या चाचणीत प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडी) दोन औषधांनी मृत्यूचे प्रमाण सुमारे ३४-३५ टक्क्यांवर आणले. रक्तात विषाणू कमी असताना आलेल्यांमध्ये ते १०-११ टक्के इतके खाली गेले. गावोगाव सांगण्यासारखी गोष्ट ही आहे. 'या रोगावर औषध नाही' अशी फलके २०१४ मध्ये लागली आणि लोकांनी त्यातून अर्थ काढला तो असा, की मग घरीच मरू. पुढे पारदर्शक भिंतींच्या खोल्या आल्या. नातेवाईक बाहेर बसून आपल्या माणसाला पाहू लागले, बोलू लागले. अशा साध्या सोयींनी अफवा जितक्या कमी होतात, तितक्या भाषणांनी होत नाहीत. (इबोलाच्या विषाणूच्या अनेक जाती आहेत आणि ही औषधे त्यांतल्या झाईर जातीसाठीच आहेत, हे मात्र ध्यानात ठेवावे.)

अंत्यविधीवर जरा थांबायला हवे. २०१४ मध्ये सिएरा लिओनच्या कैलाहून जिल्ह्यात एका नावाजलेल्या वैदू बाईंचा अंत्यविधी झाला. त्या एका विधीशी ३६५ पर्यंत मृत्यूंचा संबंध लागू शकतो, असा तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांचा अंदाज होता. प्रेताला अंघोळ घालणे, हात लावून निरोप घेणे यातून हे घडते. सरकारांनी आधी बंदी घातली, पांढऱ्या पोशाखातली माणसे येऊन प्रेत उचलून नेऊ लागली. मोनरोव्हियात तर दहनाचा आदेश निघाला, जे तिथल्या रिवाजात बसणारे नव्हते. परिणाम एकच : लोक आजारी माणसे आणि प्रेते लपवू लागले. नंतर आलेली सुरक्षित आणि सन्मानाने दफन करण्याची पद्धत वेगळी आहे. पथक घरापाशी येते ते साध्या कपड्यांत. आधी सांत्वन करते आणि कुटुंबातल्या एका जाणत्या माणसाला बरोबर घेते. कोणते विधी करायचे आहेत, सोबत काय ठेवायचे आहे, फोटो काढायचा आहे का, हे विचारून मगच पोशाख चढवते, तोही सगळ्यांसमोर. मुस्लिम कुटुंबासाठी तयम्मुमची कोरडी शुद्धी आणि कफन, ख्रिस्ती कुटुंबासाठी प्रार्थना, अंतर राखून. प्रेत पिशवीत बंद करण्याआधी तोंडातून चाचणीसाठी बोळा फिरवला जातो. पिशवीवर बाहेरून ०.५ टक्के द्रावण मारले जाते, खड्डा आधीच खणलेला असतो, पहिली माती घरच्यांनी टाकायची आणि थडग्यावर नाव असायचे. घाई झाली किंवा नावाविना पुरले, तर त्या वस्तीतला पुढचा मृत्यू आपल्याला कळवला जात नाही. केंद्राबाहेर घरात किती मृत्यू झाले, हा म्हणूनच छापण्याजोगा दुसरा आकडा. त्यांतले प्रत्येक प्रेत म्हणजे अनेक दिवस न सापडलेला रुग्ण.

लशीचा उपयोगही यादीवरच अवलंबून आहे. गिनीत २०१५ मध्ये जी पद्धत तपासली गेली, तिच्यात रुग्णाच्या संपर्कातले लोक आणि त्यांच्या संपर्कातले लोक असे कडे करून लस टोचतात. एकच मात्रा पुरते. पण संरक्षण यायला दहाएक दिवस लागतात. टोचण्याआधीच लागण झालेले काही जण त्या दहा दिवसांत आजारी पडतात आणि 'लशीनेच रोग दिला' ही अफवा तिथून निघते. हे टोचण्याआधीच सांगून ठेवावे, नंतर कोणी ऐकत नाही. ही लस उणे ६० ते उणे ८० अंशांत ठेवावी लागते. वितळल्यावर २ ते ८ अंशांत दोन आठवडे टिकते. त्यामुळे कडे आधी आखायचे आणि मग कुप्या काढायच्या. ती झाईर जातीवरच चालते. युगांडात २०२२ मध्ये सुदान जातीची साथ आली तेव्हा हाताशी कोणतीही मान्यताप्राप्त लस नव्हती. १४२ निश्चित रुग्ण आणि त्यांतले ५५ मृत्यू झाले, पण २० सप्टेंबरला जाहीर झालेली साथ ११ जानेवारी २०२३ ला संपली. मुख्यतः शोध, विलगीकरण आणि सुरक्षित दफन या साधनांवर.

आता एक विनंती. रुग्णाचे नाव, गल्ली, घराचा फोटो छापू नये. एका घराची अशी बातमी आली की शेजारच्या दहा घरांतली नावे यादीत यायची थांबतात. त्याऐवजी वार्ताहरांनी अधिकाऱ्यांना रोज विचारावे : नव्यांपैकी यादीतले किती, लक्षण ते विलगीकरण यात किती दिवस गेले, बाहेर किती मृत्यू, काल यादीतल्या किती जणांची प्रत्यक्ष भेट झाली, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी कोणाला लागण झाली का. उत्तर 'माहिती संकलित होत आहे' असे आले, तर तेही छापावे. उत्तर किवूमध्ये काही काळ निम्म्याहून अधिक नवे रुग्ण यादीबाहेरचे निघत होते. ती साथ जवळजवळ दोन वर्षे चालली, ३,४७० जणांना लागण झाली आणि २,२८७ गेले. तीन लाखांहून अधिक लोकांना लस टोचूनही.

शेवटचा मुद्दा साथ संपल्यानंतरचा. अखेरचा रुग्ण दोनदा नकारात्मक ठरल्यावर, किंवा तो दगावला असल्यास सुरक्षित दफनानंतर, ४२ दिवस मोजतात. २१ च्या दुप्पट, म्हणजे एखादी कडी सुटली असेल तर ती या काळात वर यावी. त्यापुढे ९० दिवस वाढीव देखरेख ठेवावी लागते. लायबेरियाने ९ मे २०१५ ला साथ संपल्याचे जाहीर केले आणि जूनअखेर पुन्हा रुग्ण सापडला. १४ जानेवारी २०१६ ला संपूर्ण पश्चिम आफ्रिका मुक्त झाल्याची बातमी आली, दुसऱ्याच दिवशी सिएरा लिओनमध्ये नवा रुग्ण निश्चित झाला. बरे झालेल्या पुरुषांच्या वीर्यात विषाणू महिनोन्‌महिने राहू शकतो. गिनीत २०२१ मध्ये आलेल्या साथीचा विषाणू जनुकीय तपासणीत २०१४-१६ च्या विषाणूशी इतका जुळला, की तो एखाद्या बरे झालेल्या माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षे दबून राहिला असावा असाच निष्कर्ष निघाला. म्हणून बरे झालेल्यांची नियमित चाचणी, मोफत निरोध आणि समुपदेशन हा साथनियंत्रणाचाच भाग आहे. तो करताना त्यांना वाळीत टाकले जाणार नाही, याची जबाबदारी वृत्तपत्रांवरही येते.

या ९० दिवसांत बातमी पहिल्या पानावरून जाते आणि बहुधा अंकातूनच जाते. त्या काळात आपण एक छोटी चौकट चालू ठेवावी : आज किती संशयितांची खबर आली आणि किती मृतांची चाचणी झाली. जिथे मलेरिया आहे तिथे तापाने फणफणणारी माणसे रोज असतातच, त्यामुळे खबरा यायलाच हव्यात. एखाद्या जिल्ह्यातून आठवडाभर एकही संशयित कळवला गेला नाही, तर तिथे रोग नाही असे समजू नये. तिथले पाहणारे घरी गेले आहेत का, हे आपल्या वार्ताहराने जाऊन विचारावे.

कळावे,

साथरोग नियंत्रणाच्या कामाशी संबंधित काही वाचक